आयईपी तोच, राज्य नवं: शब्द बदलले की मुलाच्या हातचं काय काय जातं?

पाणकणीस

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

जूनमध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही न्यू जर्सीहून टेक्ससला आलो. लेक सात वर्षांची, दुसरीत. सांगितलेली गोष्ट तिला सगळी कळते, पण तीच परत सांग म्हटलं की मधले दुवे निसटतात. 'मग', 'म्हणून', 'त्याआधी' हे शब्द तिला सापडतच नाहीत. मराठीतही आणि इंग्रजीतही. न्यू जर्सीत चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे शाळेतल्या तज्ज्ञांच्या गटाने, रीतसर तपासणी केली, आयईपी (तिच्यापुरता शिक्षणाचा लेखी आराखडा) झाला, आणि त्यावर अक्षमतेचा वर्ग लिहिला 'कम्युनिकेशन इंपेअरमेंट'. रोज भाषेच्या आणि गणिताच्या तासाला वर्गातच स्पेशल एज्युकेशनची दुसरी शिक्षिका, शिवाय आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी. वर्षभरात इतका फरक पडला की शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधीच दिवसभराचं सांगायला लागायची. अडखळत, पण सांगायची.

इथल्या शाळेत फाइल दिली. तिथल्या बाई वागायला खरंच चांगल्या. फाइल चाळून म्हणाल्या, "हा वर्ग आमच्याकडे नाही. आम्ही याला स्पीच म्हणतो." चार दिवसांनी कागद आला: स्पीच, आठवड्यातून एकदा, ३० मिनिटं. वर्गातली शिक्षिका गायब. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं की स्पीचच्या मुलांना इथे एवढंच असतं.

इथे आयईपी मीटिंगला 'आर्ड' म्हणतात. कागदावर त्याची फोड वाचली: अ‍ॅडमिशन, रिव्ह्यू अँड डिसमिसल. 'डिसमिसल' वाचून पोटात गोळाच आला. लेकीला काढून टाकायचीच मीटिंग आहे असं वाटलं.

आर्ड पुढच्या गुरुवारी आहे. माझा प्रश्न एवढाच: कायदा तर देशाचा आहे ना? मग राज्याची वेस ओलांडली की शब्द बदलतात, आणि शब्दांबरोबर मदतही कशी बदलते?

---

सुगरण_पक्षी

'डिसमिसल'ची भीती आधी मनातून काढा, ताई. टेक्ससमध्ये ते समितीचं नाव आहे, बाकी काही नाही. आम्ही डॅलसजवळ असतो, दोन मुलांचे मिळून बारा-तेरा आर्ड झाले. मूल स्पेशल एज्युकेशनमध्ये येणं, दरवर्षीचा आढावा आणि गरज संपली तर बाहेर पडणं, ही तिन्ही कामं एकच समिती करते, म्हणून ते नाव. फेडरल कायद्यात जिला 'आयईपी टीम' म्हणतात तीच ही. न्यूयॉर्कमध्ये तिलाच सीएसई म्हणतात, आणि मूल शाळापूर्व वयाचं असेल तर सीपीएसई.

---

काळी_मैना

पाणकणीस, मी न्यू जर्सीतच शाळेत सायकॉलॉजिस्ट आहे, चाइल्ड स्टडी टीमवर काम करते. तुमच्या लेकीचा कागद मी पाहिलेला नाही, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून नेमकं कुठे घसरलंय ते दिसतंय. जरा सविस्तर लिहिते.

फेडरल कायदा म्हणजे आयडीईए, अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा. मूळ १९७५ चा, हे नाव १९९० मध्ये मिळालं, शेवटची मोठी सुधारणा २००४ ची. त्याच्या नियमांत, ३४ सीएफआर ३००.८ या कलमात (पुढचे ३००चे आकडेही याच नियमावलीतले), अक्षमतेचे १३ वर्ग आहेत. त्यातला एक 'स्पीच ऑर लँग्वेज इंपेअरमेंट'. त्याच्या व्याख्येत तोतरेपणा, उच्चारदोष, आवाजाचा दोष आणि भाषेची अडचण हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं आहे. 'र' म्हणता न येणारं मूल आणि गोष्टीचे दुवे न सापडणारं मूल, दोघांवर एकच चिठ्ठी.

न्यू जर्सीने ते पोतं उघडून दोन ढीग केले. आमच्या नियमांत भाषेच्या अडचणीला, म्हणजे वाक्यरचना, शब्दार्थ, संवाद यांतल्या अडचणीला, 'कम्युनिकेशन इंपेअरमेंट' म्हणतात. उच्चार, आवाज किंवा बोलण्याचा ओघ एवढाच प्रश्न असेल तर ते मूल 'एलिजिबल फॉर स्पीच-लँग्वेज सर्व्हिसेस'. आता पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या गुरुवारच्या मीटिंगचा कणा हाच आहे. भाषेची अडचण असूनही ज्या मुलाला फक्त स्पीच थेरपिस्टकडूनच शिकवण्याची गरज आहे, त्यालाही न्यू जर्सीत दुसऱ्याच ढिगात टाकतात. म्हणजे लेकीच्या कागदावर 'कम्युनिकेशन इंपेअरमेंट' लिहिलंय याचाच अर्थ असा की नुसती स्पीच तिला पुरत नाही, हे एका राज्याच्या टीमने तपासून ठरवलेलं आहे.

तुमच्या नव्या शाळेने ते शब्द परत मोठ्या पोत्यात टाकले. तेवढं ठीक आहे, वर्ग तोच लागेल. चूक पुढे झाली. पोत्यावरचं नाव वाचून त्यांनी मदत ठरवली. ३००.३०४ मध्ये म्हटलंय की तपासणीने मुलाच्या सगळ्या गरजा टिपल्या पाहिजेत, मग त्या गरजा त्या वर्गाशी सहसा जोडल्या जात असोत वा नसोत. आणि ३००.१११ मध्ये तर असंही आहे की मुलाला अमुक वर्गाचं नाव दिलंच पाहिजे अशी सक्ती कायदा करत नाही. त्यात बसणारी अक्षमता आणि स्पेशल एज्युकेशनची गरज, एवढं पुरे. आयोवा राज्य याच वाटेने गेलं. तिथे वर्गाचं नाव न लावता 'एलिजिबल इंडिव्हिज्युअल' एवढंच म्हणतात.

राज्य बदलल्यावरचा नियम ३००.३२३ एफ. नव्या शाळेने पालकांशी विचारविनिमय करून, आधीच्या आयईपीत लिहिलेल्या मदतीच्या तोडीची मदत द्यायची. स्वतःची तपासणी हवी असेल तर ती करेपर्यंत आणि नवा आयईपी बनेपर्यंत. रोजची शिक्षिका काढून आठवड्याला ३० मिनिटं, याला तोडीची मदत कसं म्हणायचं?

---

पाणकणीस

काळी_मैना, हे मी तीनदा वाचलं. 'तपासून ठरवलेलं आहे' या शब्दांवर रडूच आलं. इतके दिवस मलाच वाटत होतं की मी जास्तीचं मागतेय.

---

रानवारा

माझं मत थोडं वेगळं आहे. कलमांचे आकडे घेऊन पहिल्याच मीटिंगला गेलात तर शाळा सावध होते. वकील आणताय की काय असं त्यांना वाटतं. लेक त्याच शाळेत, त्याच बाईंपुढे रोज बसणार आहे. आधी एक तिमाही पाहा, तिची प्रगती दिसू दे, मग मागा.

---

काळी_मैना

रानवारा, संबंध टिकवायचे हे शंभर टक्के मान्य. मीही टेबलाच्या त्याच बाजूला बसते, पालक चिडून आले की मलाही जड जातं. पण तिमाही थांबणं मला पटत नाही. सात वर्षांच्या मुलीचे दहा आठवडे फार मोठे असतात. आणि थांबलं की 'एवढ्या मदतीवर तिचं चाललंय' हाच नवा पाया धरला जातो. आवाज न चढवताही नियम सांगता येतो. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात ते मला शिकवा, पण तिला काय मिळत होतं ते असं होतं' एवढं वाक्य पुरतं.

---

सुगरण_पक्षी

टेक्ससबद्दल दोन गोष्टी सांगतो, पुढच्या मराठी कुटुंबांनाही लागतील.

इथल्या शाळांनी हात आखडता घेण्याला इतिहास आहे. २००४ पासून राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या कामगिरीत ८.५ टक्क्यांचा आकडा धरला होता, म्हणजे एकूण मुलांपैकी तेवढीच मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये असावीत असा. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्राने ते उघडकीला आणलं आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने टेक्ससने कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. आकडा गेला, पण 'स्पीच-ओन्ली' म्हणून मूल हलक्या हाताने बाजूला ठेवायची सवय अजून कुठेकुठे दिसते. सगळीकडे नाही, आमच्या सध्याच्या शाळेचा अनुभव उत्तम आहे.

दुसरं, आर्डमध्ये एकमत झालं नाही तर लगेच 'असहमत' लिहून मोकळं व्हायची गरज नसते. मीटिंग जास्तीत जास्त शाळेचे दहा दिवस तहकूब करून पुन्हा बसायची संधी मिळते. त्या दिवसांत तिच्या जुन्या शिक्षिकेकडून दोन ओळी मागवा.

डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचंही असंच. टेक्ससमध्ये वर्षानुवर्षं तो ५०४ या वेगळ्या कलमाखाली, आयडीईएच्या बाहेर हाताळला जायचा. २०२३ च्या एचबी ३९२८ कायद्यानंतर त्याची तपासणी आयडीईएच्या वाटेने होते. खरं तर फेडरल व्याख्येत 'स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी'मध्ये डिस्लेक्सिया पहिल्यापासून नावानिशी आहे.

---

शेवंती_वेणी

५०४ आणि आयईपी यांत काय फरक? आमच्या शाळेने मुलाच्या एडीएचडीसाठी '५०४ करून टाकू' म्हटलंय.

---

काळी_मैना

दोन्ही फेडरलच. ५०४ हे १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टचं कलम. त्याचा रोख भेदभाव होऊ न देण्यावर: जास्त वेळ, पुढची जागा, मधली सुट्टी. आयईपीत वेगळ्या पद्धतीने शिकवणं येतं, उद्दिष्टं आणि त्यांची मोजणी येते. एडीएचडी आयडीईएत 'अदर हेल्थ इंपेअरमेंट'च्या व्याख्येत नावाने आहे, त्यामुळे 'एडीएचडी म्हणजे फक्त ५०४' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. त्याला शिकवण्याची पद्धत बदलून हवी आहे की सवलती पुरतील, एवढं बघा. तपासणी हवी असेल तर लेखी मागा, तारीख घालून.

---

डोंगरवाट_६६

आम्ही मिशिगनमध्ये. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

शब्दाने काही होत नाही असं वर कुणी म्हटलेलं नाही, पण तसं वाटू शकेल म्हणून सांगतो. तो पाच वर्षांचा असताना आम्ही दुसऱ्या राज्यात होतो. तेव्हा त्याच्या पहिल्या कागदावर 'मेंटल रिटार्डेशन' लिहिलेलं होतं. कायद्याचाच शब्द होता तो. मी सही केली, घरी आलो आणि दोन दिवस बायकोला कागद दाखवला नाही. आईला फोनवर काय सांगू? मराठीत तेव्हा आमच्या तोंडात एकच शब्द होता, मतिमंद. लहानपणी गल्लीत तो शिवीसारखा ऐकलेला. तो माझ्या मुलाला लावायची जीभ झाली नाही.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये रोझाज लॉ आला. मेरीलँडमधल्या एका डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीचं नाव त्याला आहे, तिच्या घरच्यांनी आधी राज्यात आणि मग देशात तो शब्द बदलून घेतला. फेडरल कायद्यात 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आलं. मिशिगनच्या नियमांत आजही 'कॉग्निटिव्ह इंपेअरमेंट' म्हणतात. मुलगा तोच, कागद तीन तऱ्हेचे.

पण मिशिगनने आम्हाला दिलेली मोठी गोष्ट शब्दांतली नाही, वयातली आहे. फेडरल कायदा साधारण २१ पर्यंत शिक्षणाची हमी देतो. मिशिगनमध्ये ती २६ पर्यंत आहे. गेल्या वर्षी कंपनीने दुसरीकडे बदली देऊ केली, पगारही जास्त होता. मी नाही म्हटलं. त्याला सध्या बस पकडायला शिकवतायत. बदली घेतली असती तर ते दोन वर्षांत आटोपतं घ्यावं लागलं असतं.

---

पाणकणीस

डोंगरवाट दादा, त्याला एकट्याने बस पकडता आली की इथे नक्की कळवा.

---

आजोळ

मी पुण्याहून. नातू कॅलिफोर्नियात असतो, मुलगी हा धागा वाच म्हणाली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अक्षमतेचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. 'मतिमंद'च्या जागी आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात, तरी जुन्या संस्थांच्या पाट्यांवर पहिला शब्द दिसतोच. मुलीचा प्रश्न विचारते: नातवाला शाळेने 'ऑटिझम' म्हणून आयईपी दिला, आणि रीजनल सेंटरने (अक्षमता असलेल्यांना सेवा मिळवून देणारं तिथलं केंद्र) मात्र पात्र नाही म्हणून कळवलं. एकाच राज्यात, एकाच मुलाला, एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे?

---

वाळवंटी_निवडुंग

आजोळ काकू, कॅलिफोर्नियात हे पुष्कळांच्या वाट्याला येतं. आमच्याही आलं. शाळा बघते आयडीईए आणि राज्याचा शिक्षण कायदा. त्यात प्रश्न असा की ऑटिझममुळे शिक्षणावर परिणाम होतोय का. मुलाला तिथे 'इंडिव्हिज्युअल विथ एक्सेप्शनल नीड्स' म्हणतात. रीजनल सेंटर चालतं लँटरमन कायद्यावर, तो १९६९ चा, फक्त कॅलिफोर्नियाचा. त्यात शब्द आहे 'डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटी'. ती १८ वर्षांच्या आधी सुरू झालेली हवी आणि 'सबस्टॅन्शियल' हवी, म्हणजे वयाला लागू पडतील अशा सात क्षेत्रांपैकी किमान तिनांत मोठी मर्यादा. स्वतःची काळजी, भाषा, शिकणं, चालणं-फिरणं, स्वतःला वळण लावणं, स्वतंत्र राहणं, आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभं राहणं, ही ती सात. डॉक्टरांचं निदान हा तिसराच कागद. या तिन्हींत 'ऑटिझम' हा शब्द आहे आणि तिघांचा प्रश्न वेगळा आहे.

मुलीला सांगा, नकार लेखी आलेला असणार आणि त्यावर अपील आहे. अपिलाची मुदत त्याच पत्रात असते, ती आधी बघायला सांगा. 'त्याला ऑटिझम आहे' हे पुन्हा सिद्ध करण्यात वेळ घालवू नका. ती तीन क्षेत्रं कोणती ते रोजच्या उदाहरणांनी लिहा. आम्ही दोन आठवडे वही ठेवली होती: दात कोण घासून देतं, रस्ता ओलांडताना हात सोडला तर काय होतं. दुसऱ्या वेळी मान्य झालं.

---

चाफा_बॉस्टन

मुदतींतही हाच घोटाळा आहे. फेडरल नियम म्हणतो संमतीपासून ६० दिवसांत पहिली तपासणी, किंवा राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती. या 'किंवा'मध्ये पन्नास तऱ्हा होतात. टेक्ससमध्ये शाळेचे ४५ दिवस. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तपासणीला कामकाजाचे ३० शाळा-दिवस आणि टीम मीटिंगपर्यंत ४५. न्यू जर्सीत संमतीपासून ९० कॅलेंडर दिवसांत सगळं उरकून आयईपी सुरू. इलिनॉयमध्ये शाळेचे ६०. 'दिवस' म्हणजे कुठला दिवस, हे विचारलं नाही तर मधली उन्हाळ्याची सुट्टी महिने गिळते. एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्यांनी तर हे आधी बघावं.

अजून एक, खूप कमी जणांना माहीत असतं. आमच्या राज्याचा कायदा, चॅप्टर ७६६, १९७२ चा. म्हणजे फेडरलच्या तीन वर्षं आधीचा. त्यात मुलाचा 'मॅक्झिमम पॉसिबल डेव्हलपमेंट', शक्य तितका जास्तीत जास्त विकास, हे माप होतं. फेडरल माप 'अ‍ॅप्रोप्रिएट', म्हणजे योग्य तेवढं शिक्षण. २००२ पासून आम्हीही फेडरल मापावर आलो. दोन शब्द बदलले आणि जुने पालक अजून हळहळतात. २०१७ च्या एन्ड्र्यू एफ. निकालात सुप्रीम कोर्टाने 'नाममात्र प्रगती पुरत नाही' असं म्हणून ते माप थोडं वर उचललं, त्याचा खूप आधार वाटतो.

---

शेवंती_वेणी

'इमोशनल डिस्टर्बन्स'लाही न्यू जर्सीत वेगळं नाव आहे ना? भाचीच्या कागदावर काहीतरी वेगळं पाहिलं होतं.

---

काळी_मैना

हो, 'इमोशनल रेग्युलेशन इंपेअरमेंट'. न्यूयॉर्कने 'इमोशनल डिसॅबिलिटी' केलं, मिशिगन 'इमोशनल इंपेअरमेंट' म्हणतं, मिनेसोटा 'इमोशनल ऑर बिहेव्हियरल डिसऑर्डर्स'. फेडरलमध्ये अजून 'डिस्टर्बन्स'च आहे. हा बदल मला मनापासून पटतो. 'डिस्टर्ब्ड' ऐकल्यावर पालकांचा चेहरा कसा होतो ते मी टेबलासमोर बसून पाहिलंय.

पाणकणीस, एक विसरले. मीटिंगला मराठी दुभाषी हवा असेल तर शाळेने द्यायचा असतो, तुम्हाला इंग्रजी येत असलं तरी आजी-आजोबा मुलीला सांभाळत असतील तर त्यांच्यासाठी विचारून बघा. आणि लेकीची अडचण मराठीतही दिसते हे ठासून सांगा. इंग्रजी कमी येतं एवढ्याच कारणावर मुलाला अक्षमतेच्या वर्गात घालता येत नाही, त्यामुळे 'घरी दुसरी भाषा आहे, येईल हळूहळू' हे उत्तर हमखास येतं. घरात मराठीत गोष्ट सांगतानाचं रेकॉर्डिंग न्या.

---

पाणकणीस

आर्ड झाला. तुम्हा सगळ्यांसाठी नीट लिहून ठेवते.

रेकॉर्डिंग नेलं होतं. लेक आजीला कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट मराठीत सांगतेय, दीड मिनिट. त्यांना भाषा कळत नव्हती, पण ती कुठे थांबते, कुठे हात हलवून शब्द शोधते ते सगळ्यांना दिसलं. मग मी न्यू जर्सीची व्याख्या छापून नेली होती ती पुढे ठेवली. म्हटलं, तुमच्याकडे याला जे नाव आहे ते लिहा, माझी हरकत नाही, पण तिथे या नावासाठी 'नुसती स्पीच पुरत नाही' ही अट होती. त्यांच्या स्पीच थेरपिस्ट बाई पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, "मी फक्त आमच्या यादीतला शब्द बघितला होता. आतला रिपोर्ट मी वाचलेला नाही." प्रामाणिकपणे बोलल्या. मला त्यांचा राग नाही आला.

भाषेच्या तासाची शिक्षिका आजपासून परत, रोज. स्पीच आठवड्यातून दोनदा. गणिताला मात्र 'आधी आमची तपासणी होऊ दे' म्हणाले. मी ते लेखी मागितलं: का नाकारताय, कशाच्या आधारावर, आणखी कोणता पर्याय पाहिला. अशा लेखी कागदाला प्रायर रिटन नोटीस म्हणतात. सोमवारी देतो म्हणालेत. तपासणीच्या संमतीवर आजच सही केली, शाळेचे ४५ दिवस कॅलेंडरवर मोजून खूण केली आहे.

रानवारा, तुमचंही उपयोगी पडलं. आवाज एकदाही चढवला नाही.

---

नवी_पालवी

हा धागा शोधत शोधत आले. आम्ही पेनसिल्व्हेनियात नवे. शाळेने 'नोरेप' नावाचा कागद पाठवलाय, दहा दिवसांत परत द्या म्हणतात. जुन्या राज्यात असलं काही नव्हतं. सही करू का?

---

काळी_मैना

होतं, नाव वेगळं होतं. पाणकणीसनी वर जी प्रायर रिटन नोटीस मागितली तोच फेडरल कागद, पेनसिल्व्हेनियाने त्याला 'नोटिस ऑफ रेकमेंडेड एज्युकेशनल प्लेसमेंट' केलंय. त्यात 'मान्य' आणि 'अमान्य' असे चौकोन असतात. काहीच न करता ठेवून देऊ नका. मूल आधीपासून स्पेशल एज्युकेशनमध्ये असेल, तर दहा दिवस उलटल्यावर तुमचं उत्तर नसलं तरी शाळा बदल लागू करू शकते. आधी जुना आयईपी शेजारी ठेवा आणि मिनिटं जुळवा: किती वेळ, कोण शिकवणार, कुठे. वर्गाचं नाव शेवटी बघा. कमी-जास्त दिसलं तर मुलाचं नाव खोडून ते आकडे इथे टाका, मी आज रात्री बघते.